प्रार्थनेचा विषय

नगरकडून पुण्यात आलो तेव्हा आम्ही धायरीत पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. बाबा बिगारी काम करायचे, आई एका दवाखान्यात चादरी धुवायची. सोड्याने तिची बोटं चिरायची आणि त्याच बोटांनी भाकरी थापताना ती ओठ घट्ट मिटून घ्यायची. नाताळाआधी चर्चच्या मंडळीतली माणसं जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवायची. त्यातला निळा स्वेटर घालून मी चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाला, शब्बाथशाळेत गेले, तर शीला नावाची मुलगी सगळ्यांसमोर आनंदाने ओरडली, "अय्या, हा तर माझा स्वेटर!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी तिथेच ठरवलं, यापुढे कुणाकडे काही मागायचं नाही.

ते मी पाळलं. आमच्या घराण्यातली मी पहिली पदवीधर, आणि हे मी आजही मान वर करूनच सांगते. कर्वेनगरला एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी लागली, पत्र्याच्या खोलीतून आम्ही धायरीतच एका फ्लॅटमध्ये गेलो. बाबा ते बघून मगच वारले. आमच्या चर्चमध्ये उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब विचारतात, "प्रार्थनेचे काही विषय?" मग एकेक जण उभा राहून सांगतो. नातवाची परीक्षा, गुडघ्याचं ऑपरेशन, मुलीचं लग्न. मी उभी राहायचे ती फक्त देवाचे उपकार मानायला. मागायला कधीच नाही. मागायचं ते घरी, दार लावून. मंडळीला कशाला कळायला हवं?

म्हणून आईला विसर पडू लागला तेही कुणाला कळलं नाही. ती गॅस चालू ठेवून विसरायची, मला कधी कधी स्वतःची बहीण समजायची. चर्चमध्ये मात्र बायकांच्या बाकावर नीट बसायची. गाणी तोंडपाठ होती, त्यामुळे निभावून जायचं. कुणी विचारलंच तर "वय झालंय" एवढं बोलून मी विषय संपवायचे.

त्या रविवारी चर्च सुटल्यावर आम्ही धायरीची बस पकडायला स्वारगेटला आलो. आईला बाकावर बसवून मी बस कुठे लागते ते विचारायला चौकशीच्या खिडकीपर्यंत गेले. वळले, तर बाक रिकामा.

आधी मला रागच आला. मग फलाटामागून फलाट बघत गेले, बसमध्ये डोकावले, स्वच्छतागृहात हाका मारल्या. बाहेर चौकात रिक्षा, बस, दुचाक्या अंगावर येत होत्या आणि त्या गर्दीत प्रत्येक म्हातारी बाई मागून आईसारखीच दिसत होती. चौकीतल्या हवालदारांनी विचारलं, "साडी कोणत्या रंगाची?" मला आठवेना. सकाळी मीच तिच्या निऱ्या नीट केल्या होत्या, आणि मला रंग आठवेना. ते म्हणाले, "ताई, घाबरू नका. घरी कोण कोण आहे? बोलावून घ्या." मी म्हणाले, "कुणी नाही."

चौकीच्या पायरीवर बसून मी प्रार्थना करू लागले, "प्रभू, तिला..." पुढे शब्दच सुचेनात. चर्चमध्ये इतकी सफाईदार प्रार्थना करणारी मी, तिथेच अडकले. आणि मनात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येत राहिली: साडीचा रंग तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांना ठाऊक असेल. मी फोनवर चर्चच्या महिला मंडळाचा ग्रुप उघडला. "आईची जरा चुकामूक झाली आहे, काळजी नसावी," असं लिहिलं. ते वाचून माझीच मला लाज वाटली. पुसलं, आणि लिहिलं, "आई स्वारगेटला हरवली आहे. तिला विसर पडतो, हे मी तुमच्यापासून लपवलं. तिने कोणती साडी नेसली होती? मी एकटी आहे. प्रार्थना करा, आणि कुणीतरी या."

फोन वाजला तो शीलाचा. तीच स्वेटरवाली. आता आमची शब्बाथशाळा चालवते. इतकी वर्षं मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचे.

"रडू नकोस. फिकट गुलाबी साडी, पदराला रफू, बरोबर? सापडल्यात. मागच्या गल्लीत हसीनाआपांचं पिशव्यांचं दुकान आहे, तिकडे पळ. मी निघालेच."

दुकानात पिशव्यांच्या ढिगाशेजारी आई डोळे मिटून बसली होती. हातात चहा. हसीनाआपा हसून म्हणाल्या, "या, या. दुसरा कप आहे हा. पहिला गार झाला, तरी आजींची दुवा संपेना! मी म्हटलं, माझ्या सुनेचं पण नाव घ्या, तर तिचंही घेतलं. आता बघू, सुधारते का!"

शब्बाथशाळेच्या मुलांच्या पिशव्या शीला तिथूनच शिवून घेते. तिथे चहा घेतानाही ती डोळे मिटून आधी आभार मानते. गर्दीत बावरलेल्या आईला आपांनी आत बसवलं. तिला नाव-पत्ता सांगता येईना. पण चहा पुढे केल्यावर तिने डोळे मिटले, तशी त्यांना शीला आठवली. त्यांनी तिला फोन केला, "तुमच्यातली कुणी आजी हरवलीय का?" त्याच वेळी शीला माझा मेसेज वाचत होती. मी तो लिहिलाच नसता, तर तिला कुणाकुणाला विचारत बसावं लागलं असतं, आणि तोवर आई उठून कुठे गेली असती, कोण जाणे. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. मी गुडघ्यांवर बसून आईचे चिरलेले हात धरले, एवढंच.

शीला आली ती धापा टाकत, हेल्मेट न काढताच. आईला बघितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय गं, आम्ही तुझे कुणी लागत नाही वाटतं?"

"लागता," मी म्हणाले.

आईचा आजार बरा झालेला नाही. मला वाटायचं, नम्रता म्हणजे उपासनेत मान खाली घालणं. पण मागायला तोंड उघडल्यावरच माझं बंद दार उघडलं, आणि त्यातून प्रभू आत आला तो हसीनाआपांच्या आणि शीलाच्या रूपाने. त्याचे उपकार मी कसे फेडू?

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "प्रार्थनेचे काही विषय?" मी उभी राहिले. म्हणाले, "माझ्या आईला विसर पडतो. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि रस्त्यात कधी एकटी दिसली, तर तिचा हात धरून ठेवा."

एवढं मला मागता आलं.