शेवटचं कडवं

"याच्या नावाला लागून माझा आवाज नको," बाई कंपनीच्या साहेबाला म्हणाल्या. मी चार हातांवर उभा. बाईंना बहुतेक मी बहिरा वाटलो.

अमरावतीच्या एका थिएटरात रेकॉर्ड कंपनीनं यंत्र मांडलं होतं. गाणं माझं. कापसाच्या जिनिंगात राबणाऱ्या बायांवरचं, अकोल्याच्या आमच्या वस्तीत रचलेलं. मी डफावर भराभर बोलत जायचं आणि मधल्या दोन ओळी रेडिओवर गाणाऱ्या या पाहुण्या बाईंनी गोड करायच्या. गोड! रुईची धूळ छातीत गेलेल्या बायांचं गाणं, आणि गोड!

आमच्यात शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतो. मी बापाचं नाव आणि वस्तीही घातली होती. वस्ती कळली की जात कळते. बाईंना तेच खुपलं. साहेब मला म्हणाला, "तबकडीवर तीनच मिनिटं मावतात. ते कडवं गाळ." खोटारडा. बाईंच्या आलापाला मात्र जागा होती.

डफ वाजवणारा माझा मावसभाऊ कानाशी लागला, "गाऊन टाक ना बे. रेकॉर्ड निंगून राह्यली आपली. असा चान्स पुन्हा येते काय?"

मी मान हलवली. हो, हलवली. त्याची लाज अजून वाटते. दीक्षा घेऊन घरातले देव पाण्यात सोडले होते आम्ही, आणि या पावडर फासलेल्या देवीपुढे माझी मान लवली.

लाल दिवा लागला. डफ सुरू झाला. मी तोंड उघडलं आणि गाळलेलं कडवंच आधी म्हटलं. बापाचं नाव, वस्तीचं नाव, माझं नाव. बाई पायावर पाल पडल्यासारख्या माईकपासून सरकल्या.

"बंद करा!" साहेब ओरडला. "तुझं नाव ऐकतंय कोण?"

"कोनी आयकत नाई, तं गाळता कावून?"

मावसभावाच्या हातातला डफ घेतला आणि निघालो. मावसभाऊ कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

तबकडी निघालीच. गाणं बाईंनी एकट्यांनी गायलं. शब्द माझे, वर नाव बाईंचं. अकोल्याच्या हॉटेलात वाजायची आणि लोक चहा पीत वा वा करायचे. पाकात बुडवलेलं मिळमिळीत गाणं. त्यात कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

आता मी नाव शेवटी ठेवत नाही. प्रत्येक कडव्यात घालतो, बापासकट, वस्तीसकट. ज्याला ते गाळायचंय त्यानं खुशाल गाळावं. त्याच्या हाती एक ओळही उरू देणार नाही.