थांबवून ठेवलेली रिक्षा

कुत्रं परत करायला येणारी माणसं रिक्षा थांबवून ठेवायची. न्यायला येणारे तसं करत नसत. ते रिक्षा सोडून द्यायचे, कडुलिंबाखाली ऐसपैस बसायचे, चहा घ्यायचे, मुलांना सगळी कुत्री दाखवत फिरायचे. परत करणाऱ्यांना मात्र नेमकं कुठेतरी जायचं असायचं. फाटकापाशी घंटी वाजून चाकं थांबली आणि रिक्षावाला सीटवरून उतरलाच नाही, की मी काय ते समजायचे. मग एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात पिशवी घेऊन कुणीतरी आत यायचं. पिशवीत कुत्र्याची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी असायची. तीसुद्धा घरात ठेवायची नाही, इतका विटाळ.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी नागपुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात राहायचे आणि शनिवार-रविवार कामठी रोडवरच्या शेडमध्ये जाऊन रजिस्टर लिहायचे. शेड म्हणजे टाकून दिलेल्या कुत्र्यांसाठी गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी काढलेला आसरा. दोन पत्र्याची छपरं, एक कडुलिंब, भोवती तारेचं कुंपण, आणि या सगळ्याच्या वर एक समिती. समितीनं दोन नियम केले होते. कुत्रं फक्त कंपाउंड असलेल्या घरी द्यायचं, हा पहिला. आणि तीनदा परत आलेलं कुत्रं पुन्हा ठेवायचं नाही, डॉक्टरांना बोलावून त्याला मरणाची सुई द्यायची, हा दुसरा. जागा कमी होती हे खरं. पण हा नियम कुत्र्याला होता, माणसाला नव्हता. तीन कुत्री परत आणून देणारा गृहस्थ चौथं न्यायला मोकळा असायचा आणि समितीत त्याचं स्वागतच व्हायचं.

ती कुत्री तांबूस रंगाची होती. डाव्या कानाचा तुकडा गेलेला. कुणी हात पुढे केला की ती जमिनीला चिकटायची आणि हात वर गेला तर जागच्या जागी मुतायची. काठीला एवढी भ्यायची नाही. हातालाच. कुणीतरी तिला नुसत्या हातानं खूप मारलं असणार, असं मला तेव्हा वाटायचं आणि आजही वाटतं.

दुपारी एक बिडी वळणारी बाई त्या रस्त्यानं जायची. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं वाळलेली. कारखान्यात बिड्या देऊन परत जाताना ती कुंपणाबाहेर सावलीत थोडा वेळ टेकायची, तारेला पाठ लावून, आमच्याकडे न बघता. ती बसली की ही कुत्री कोपऱ्यातून उठायची, कुंपणापाशी यायची आणि तारेच्या आतल्या बाजूनं तिच्या पाठीशी पाठ लावून बसायची. हे मी चार-सहा वेळा पाहिलं. एका शनिवारी ती बाई फाटकात आली आणि म्हणाली, "बाई, हे तांबडी मले देता का?"

मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "घराला कंपाउंड आहे का?"

ती हसली. "घराले भिंतीच तीन हायेत जी. चौथीकडं बांबूचा तट्टा हाय."

मी रजिस्टर मिटलं. नियम आहे, माझ्या हातात काही नाही, असं अगदी गोड बोलून तिला वाटेला लावलं. मी पोरींना गणित शिकवत होते आणि मला समोर मांडलेलं एवढं सोपं उत्तर दिसलं नाही.

पहिले न्यायला आले ते बँकेतले एक अधिकारी. बंगला, कंपाउंड, फाटकावर जाई. मार्गशीर्ष सुरू होता आणि त्यांच्या वडिलांची इच्छा अशी की यंदाच्या दत्तजयंतीला दारात कुत्रं असावं, दत्ताजवळ असतं तसं. समितीचे सचिव गहिवरले. मलाही वाटलं, निदान दत्तासाठी तरी हे लोक तिला जपतील. त्यांनी तिला जयंतीच्या दिवशी आंघोळ घातली, पाटावर उभं केलं, कपाळाला कुंकू लावलं. घरातल्या पाच सुवासिनींनी एकामागून एक तिला निरांजनानं ओवाळलं. मागे झांजा आणि घंटा चालूच. हाताला भिणारं जनावर, आणि त्याच्या तोंडाशी जळती वात घेतलेले पाच हात. ती पाटावरच मुतली आणि आजोबांच्या बोटाला तिचा दात लागला.

चौथ्या दिवशी फाटकाशी रिक्षा थांबली. "असं अपवित्र कुत्रं आमच्या माथी मारलंत," साहेब म्हणाले. मी म्हटलं, दत्ताजवळच्या कुत्र्यांना कुणी ओवाळल्याचं मी तरी चित्रात पाहिलेलं नाही. त्यावर त्यांनी समितीकडे माझी तक्रार केली, आणि समितीनं मला समज दिली.

दुसरे सावनेरकडचे एक बागाईतदार. संत्र्याला मृगबहार धरलेला, माकडांचा त्रास, राखणीला कुत्रं हवं होतं. मी त्यांना स्वच्छ सांगितलं की ही भित्री आहे, राखण करणार नाही. ते म्हणाले, "बांधून ठेवलं का आपोआप भुकते." पंधरा दिवस तिला विहिरीपाशी साखळीनं बांधून ठेवली. ती भुंकली नाही. मग ते जीप घेऊन आले, इंजिनही बंद केलं नाही. "कुत्रं असून भुकत नाही म्हणजे काय जी? बिघडेल माल हाय हा." जनावराला माल म्हणणारा हा माणूस शेडला दरवर्षी संत्र्यांची पेटी पाठवायचा आणि समिती ती वाटून घ्यायची. मला आलेली संत्री मी गाईला घातली. त्यानं कुणाचं काय बिघडलं कोण जाणे, पण माझं डोकं जरा शांत झालं.

त्याच आठवड्यात बिडीवाली पुन्हा फाटकात आली. कुत्रीच्या मानेवर साखळीचा वळ उठला होता, तो ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आता तरी देता का?" मी पुन्हा नियम सांगितला. या वेळी ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि गेली.

तिसरी माणसं फार प्रेमळ होती. एक प्राध्यापक आणि त्यांची बायको, मूलबाळ नाही, दोघंही बोलायला लाघवी. खरं सांगते, दत्तवाल्यांपेक्षा आणि बागाईतदारापेक्षा मला या दोघांचा जास्त राग आला, कारण त्यांच्यावर मी विश्वास टाकला होता. त्यांनी तिच्यासाठी गादी शिवली. तिला दिवसभर हाका मारल्या. मांडीवर ओढून घेतलं, पापे घेतले. वैशाखात संध्याकाळी कूलरपुढे बसायला पाहुणे जमायचे. त्या प्रत्येकापुढे तिला ओढत आणून, "अगं, हात दे, काकांना हात दे," असं चालायचं. ती कूलरच्या स्टँडमागे जाऊन बसली. तिथून काढली तर पलंगाखाली. महिन्यानं रिक्षा आली. प्राध्यापकीणबाईंचे डोळे भरले होते.

"आम्ही एवढा जीव लावला," त्या म्हणाल्या, "पण तिचं आमच्यावर प्रेमच नाही हो."

मी त्यांच्या हातून थाळी घेतली. मला ओरडायचं होतं की बाई, तिनं तुमच्याकडे प्रेमाचा अर्ज केला होता का? तिला एक कोपरा हवा होता, आणि तुम्ही एक महिना तिला त्या कोपऱ्यातून बाहेर ओढलंत. पण त्या रडत होत्या, रिक्षावाला घंटी वाजवत होता, आणि मी रजिस्टरमध्ये तिसऱ्यांदा 'परत' असं लिहिलं.

रविवारी समिती बसली. डॉक्टरांना मंगळवारी बोलवायचं ठरलं. मी म्हटलं, एक घर आहे, आणि बिडीवालीचं सांगितलं. सचिव वकील होते, त्यांनी चष्मा पुसला. "बिडी वळणारीच्या घरी? बाई, ती स्वतः काय खाते ते आधी विचारा. संस्थेची काही इभ्रत आहे की नाही?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मृत्यू चालेल, झोपडी चालणार नाही, असा तो ठराव होता, फक्त इतक्या उघड शब्दांत कुणी लिहिला नाही. मी रजिस्टर आपटून मिटलं. आणि त्याच वेळी आत कुठेतरी हेही कळत होतं की वकीलसाहेब जे उर्मटपणे बोलले तेच मी दोनदा गोड आवाजात बोलले होते.

सोमवारी, माझा वार नसताना, मी शेडमध्ये गेले. रजिस्टरमध्ये 'नेणाऱ्याचे नाव' या रकान्यात माझंच नाव लिहिलं. 'कंपाउंड' या रकान्यात लिहिलं, 'कुत्रीला नको आहे'. आणि तिला घेऊन पायी बिडीवालीच्या वस्तीकडे निघाले. रस्त्यात ती चार ठिकाणी बसली. मी तिच्या बाजूला, तिच्याकडे न बघता, उभी राहिले. बिडीवालीनं कुंपणाशी जे केलं त्याची ती माझी पहिलीच नक्कल होती.

बाई दाराशी मांडीवर सूप घेऊन बसली होती. सुपात तंबाखूचा चुरा आणि कापलेली तेंदूची पानं. पान उचलायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, टोक मुडपायचं, दोरा गुंडाळायचा. मला पाहून तिनं मानेनंच 'बसा' म्हटलं. मी साखळी सोडली तशी कुत्री घरात शिरली आणि ज्वारीच्या पिंपामागे दिसेनाशी झाली.

मी म्हटलं, "तिला जरा हाक मारा ना. नवीन जागा आहे."

"मले कुठी येळ हाय जी? सांजेपर्यंत हजार झाल्या पाहिजेत." हात तसेच चालू. "तिले वाटन तेव्हा येईन ते. काहून घाई करता?"

"पण कुरवाळलंत तर भीती जाईल."

"माहे हात सुपातून निघतच नाहीत, बाई. म्हणूनच ते माह्यापाशी बसते, तुमच्या ध्यानात नाही आलं?"

नाही आलं. दत्ताच्या पाटापासून प्राध्यापकांच्या गादीपर्यंत सगळ्यांचे हात तिच्याकडे येत होते. माझेसुद्धा. या बाईचे हात दिवसभर मांडीवरच्या सुपात गुंतलेले, दोरा आणि पान यांच्यापलीकडे न जाणारे. कुंपणाशी टेकतानाही ते मांडीवरच असायचे, आणि कुत्रीनं ते तारेआडून, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

मी तिला सांगितलं की ही तीनदा परत आलेली आहे. लपवावंसं वाटलं नाही. तिनं एक बिडी उचलून माझ्यापुढे धरली. "हे पाहा. कारखान्यातला मुन्शी रोज माह्या बिड्यातून छाट काढते. वाकडी म्हणते, ढिली म्हणते, मुठीनं बाजूले टाकते. त्याइच्यात खोट नसते. छाटायची म्हणून छाटते." मग ती बिडी तिनं जुडीत लावली. पिंपामागून दोन शिंका आल्या. तंबाखूच्या होत्या. बाई हसली, पण मान वळवून तिकडे पाहिलं नाही.

समितीला महिनाभरात कळलं. मला रजिस्टर परत मागितलं. मी दिलं, आणि तेव्हा जे बोलले त्यातला एक शब्दही मला आज परत घ्यावासा वाटत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मला तिला बघावंसं वाटलं. खरं तर मला शाबासकी हवी होती. मी वाचवलेली कुत्री शेपूट हलवत माझ्याकडे येईल, असं चित्र मी पाच महिने मनात बाळगलं होतं. ऊन होतं आणि परत येताना रिक्षा मिळायची नाही, म्हणून मी रिक्षावाल्याला म्हटलं, "थांब रे, पाचच मिनिटं." त्यानं सवयीनं घंटी वाजवली.

मला ती दुरून दिसली होती. बाईच्या पाठीला पाठ लावून, उन्हात, पाय पसरून झोपलेली. मानेवरचा वळ केसांनी भरून आलेला. घंटी वाजली तशी ती उठली. तिनं रिक्षेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोट जमिनीला घासत पिंपामागे गेली. जिथे झोपली होती तिथे ओल राहिली.

बाईचे हात थांबले. सुपावर ते थांबलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "न्यायले आल्या का जी?" तिनं विचारलं. तिचा आवाजही बदलला होता.

"नाही," मी म्हटलं. "नाही हो. नुसती बघायला."

"मंग ते रिक्षा काहून थांबवली?"

साऱ्या नागपूरवर मी वर्षभर डाफरले होते, आणि त्या कुत्रीच्या हिशेबी रिक्षेतून उतरणाऱ्या माणसांतली मी एक होते. तीनही वेळा तिची साखळी कुणाच्या तरी हातात माझ्याच हातानं गेली होती.

मी मागे जाऊन रिक्षा सोडून दिली. परत येऊन उंबऱ्याबाहेर बसले. बाईनं थोड्या वेळानं पानांची जुडी, कात्री आणि पत्र्याचं माप माझ्याकडे सरकवलं. "बसाचंच असंन तर पानं कापा," म्हणाली. मी पिंपाकडे पाठ केली आणि मान खाली घालून सांजेपर्यंत पानं कापली.

ती बाहेर आली नाही. बरोबरच केलं तिनं.