सईदभाईंचा हॉलंडातला डबा

माझी आणि सईदभाईंची पहिली भेट झाली त्या दिवशी नांदुऱ्यात दोन सूर्य होते. एक नेहमीचा, वैशाखातला. दुसरा सईदभाईंच्या कॅमेऱ्यावरचा हॅलोजन. माझ्या मेहुण्याचं लग्न होतं. गोरज मुहूर्त, अंगणात मांडव, आणि त्या हॅलोजनच्या उजेडात गल्लीतले कोंबडे दिवस उगवला समजून आरवायला लागले. गुरुजींच्या कपाळावरचा घाम पडून होम दोनदा विझला. माझ्या सासूबाईंच्या नव्या शालूचा रंग त्या उजेडानं उडाला, असं त्या अजून शपथेवर सांगतात. सईदभाई स्टुलावर चढून, एक डोळा कॅमेऱ्याला लावून, मोकळ्या हातानं पाहुण्यांना म्हशी हाकल्यासारखे बाजूला सारत होते. मंगळसूत्र बांधून झालं तसे म्हणाले, "नवरदेव, मांगून दिसलं नाई. अजून एक खेप बांधा." मेहुण्यानं सोडून पुन्हा बांधलं. "आता करवलीचं डोकं आडवं आलं." तिसऱ्यांदा बांधलं. कायद्यानं पाहिलं तर माझ्या मेहुण्याची एकाच बाईशी तीन लग्नं झालेली आहेत, आणि त्यातलं तिसरंच तेवढं चांगलं आलं आहे.

मी पुढे होऊन म्हटलं, "अहो, मुहूर्त टळून चालला."

डोळा न काढता ते म्हणाले, "तुम्ही मास्तर दिसता. जरा डावीकडं सरका, तुमची सावली नवरीवर पडून राह्यली."

तेव्हापासून आमची दोस्ती. मी नांदुऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि शाळा सुटली की स्टेशन रोडवरच्या त्यांच्या 'महनूर व्हिडिओ'त चहाला जायचो. महनूर ही त्यांची मुलगी. दुकानाला तिचं नाव दिल्यामुळे ती आणि दुकान दोघं आपल्यावर सारखाच हक्क सांगतात, अशी सईदभाईंची तक्रार होती. "तिसरा हक्क माझा, पण त्याची रांग लई मांगं हाय," असं त्यांची बीवी बिलकिसभाभी आतून चहा पाठवताना म्हणायची.

कापसाचं पीक मोजायची सईदभाईंची स्वतःची पद्धत होती. नवं बीटी बियाणं आलं तेव्हाच्या एकदोन वर्षांत संग्रामपूरकडची लग्नं तीन-तीन डीव्हीडींची झाली. गाणी, धूर, नवरानवरी ढगातून खाली येताहेत असा देखावा, सगळं. मग पावसानं ताण दिला, पानं लाल पडायला लागली, फवारणीवर फवारणी सुरू झाली, तशी लग्नं दोन डीव्हीडींवर आली, मग एकीवर. एके वर्षी सोनाळ्याकडच्या एका बापानं विचारलं, "निसतं मंगळाष्टक आन् बिदाईच काढली तं चालीन का?" त्या दिवशी सईदभाई मला म्हणाले, "सर, यंदा कापूस गेला." कृषी खात्याचा आकडा नंतर आला.

या धंद्यात तेव्हा एक रीत होती. गिऱ्हाइकाला डीव्हीडी दिली की टेप रिकामी समजायची. पुढच्या लग्नसराईत तीच टेप कॅमेऱ्यात घालायची आणि जुन्या लग्नावर नवं लग्न चढवायचं. सगळे शूटिंगवाले हेच करत. टेप महाग, आणि झालेलं लग्न परत बघायला येतो कोण.

पंचफुला आली. सोनाळ्याची, तिशीही न गाठलेली. हातात डीव्हीडी, पत्र्याच्या घरात तापून तिचा वरचा मुलामा सुटलेला. नवरा रंगराव आदल्या भादव्यात गेला होता. कसा, ते मी विचारलं नाही. फवारणीचं औषध त्या वर्षी घराघरात होतं, एवढं सांगितलं तरी आमच्याकडे कळतं. पदरात दीड वर्षाची पोर.

"सईदभाऊ, हे लागतच नाई. तुमच्याकडं दुसरी अशीन तं द्या."

सईदभाईंनी टेप शोधली. तिच्यावर केव्हाच जळगाव जामोदचं लग्न बसलेलं होतं. मग संगणकाला लावलेली एक जुनी हार्ड डिस्क उघडली, आणि नशिबानं तीत सापडलं. पंचफुला स्टुलावर बसली. पडद्यावर रंगराव पाटावर बसला होता, मुंडावळ्या डोळ्यांवर येताहेत, कुणीतरी नाव घ्यायला सांगतंय. त्याला उखाणा आठवेना. तो नुसतं "पंचफुला" म्हणाला, लाजून हसला, आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून त्यानं विचारलं, "आलं का भाऊ त्याच्यात?"

कॅमेऱ्यामागून सईदभाईंचा आवाज, "हाव, आलं."

त्या माणसाचं हलणं, बोलणं जगात एवढंच उरलं होतं. पंचफुलानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग मुलीला पदराखाली घेत म्हणाली, "घरी नको. सासूले त्याचा आवाज सोसत नाई, ते भिंतीले डोकं आपटते. तुमच्यापाशीच राहू द्या. पोरगी समजदार झाली, शाळेत जायले लागली, का तिले घेऊन येतो. मंग दाखवू, हा तुहा बाप."

"येऊ दे तिले," सईदभाई म्हणाले. "कवाबी ये. इथंच राह्यते हे."

त्यानंतर दोन-तीन वर्षं बाजाराच्या दिवशी पंचफुला अधूनमधून यायची, बघायची आणि बस पकडायची. आणि असं घर तिचं एकटीचं नव्हतं. जुन्या डिस्का उपसताना सईदभाई एखादी वरात थांबवून म्हणायचे, "सर, हे नाचणारे पाहा. मोजू नका कोण कोण राह्यलं ते." मग स्वतःच बोट ठेवून सांगायचे: हा गेला, हा सुरतेला गेला, हा गेला.

आता त्यांना एकच काळजी लागली: हे टिकवायचं कसं. दुकानातली वीज अशी, की येताना दोन डिस्का घेऊन जायची. भारनियमन तर आमच्याकडे ऋतूच होता. सुरत-पुण्याला गेलेल्या पोरांना आपापली लग्नं हवी होती. इंटरनेटवर उघडं टाकावं तर घरच्या बायका जगानं बघाव्यात हे कुणाला पटेना, शिवाय मागे सिनेमाची गाणी, ती वेबसाइटवाले पुसून टाकत. यातून सईदभाईंनी टोरेंट शोधून काढलं. सगळं जग त्याच्यावरून सिनेमे लुटत होतं. हा माणूस त्याच्यावरून लग्नं वाटायला निघाला.

मला त्यांनी ते असं समजावलं: ज्याला आपण खूणचिठ्ठी पाठवू त्यालाच फाइल मिळते, आणि तिचे बारीक तुकडे होतात. ज्याला जो तुकडा मिळाला तो त्यानं दुसऱ्याला द्यायचा. मधेच लाइट गेली तरी हरकत नाही. आली की जिथं राहिलं तिथून पुढं. "सर, हे भारनियमनासाठीच काढलेलं हाय. काढणारा आपल्याकडचाच अशीन कोणी."

अडचण एवढीच, की कुणाकडे तरी पूर्ण फाइल सतत चालू लागते. नांदुऱ्यात सतत चालू असं काही नव्हतं. पोरं फाइल घेत आणि संगणक बंद करून झोपत. म्हणून मग परदेशात एक यंत्र भाड्यानं घ्यायचं ठरलं. तिथं अखंड वीज, भरपूर वेग. आपण एकदा लग्न चढवायचं, ते यंत्र वाटत बसतं. त्याला सीडबॉक्स म्हणतात. सईदभाई डबा म्हणायचे.

डबा निवडायचं काम आम्ही दोघांनी केलं, म्हणजे मी इंग्रजी वाचायचो आणि ते माझ्यावर चिडायचे. हॉलंडातली एक कंपनी पसंत पडली. नकाशात मी त्यांना देश दाखवला, समुद्रसपाटीपेक्षा खोल आहे म्हटलं. "समुद्राच्या खाली हाय? मंग पाणी मुबलक," म्हणाले. एका यंत्रात किती भाडेकरू, महिन्याला किती माल वाटता येईल, खासगी फाइली चालतील का, हे त्यांनी बैल घेताना दात बघावेत तसं विचारून घेतलं. शेवटी दोन प्रकार उरले. दोन्हींत दोन-दोन डिस्का. पहिल्यात प्रत्येक गोष्ट दोन्ही डिस्कांवर लिहिली जाते. एक गेली तर दुसरी आहे, पण जागा निम्मी. दुसऱ्यात अर्धं हिच्यावर, अर्धं तिच्यावर; जागा दुप्पट, वेग दुप्पट, पण एक गेली की दोन्ही गेल्या.

"दुसरा घेऊ," सईदभाई म्हणाले. "लग्नं किती हाय! निम्म्या जागेत कोणाले ठेवू आन् कोणाले बाहेर काढू?"

मी खालची बारीक अक्षरं वाचली. "सईदभाई, इथं लिहिलंय, आम्ही फाइलींची दुसरी प्रत ठेवत नाही. काही गेलं तर जबाबदारी आमची नाही. तुमची प्रत तुमच्याकडे ठेवा."

ते हसले. "सर, असं तं कपाशीच्या थैलीवरबी लिहेल राह्यते. उगवलं नाई तं कंपनी जबाबदार नाई, बोंड लागलं नाई तं कंपनी जबाबदार नाई. सगळ्या थैल्यांवर एकच लिहेल असते. त्याच्यावरून थैली निवडता येते का कोणाले?"

हे खरं होतं. आमच्या जिल्ह्यात त्या वर्षांत छापील इशाऱ्याची किंमत थैलीच्या रंगापेक्षा कमी होती. तो प्रत्येकीवर असायचा, आणि थैली तर घ्यावीच लागायची.

एकेक लग्न चढायला आठवडा लागायचा. बिलकिसभाभी विचारायची, "आज कोणाची वरात गेली विलायतेले?" सईदभाई ऐटीत सांगायचे. सुरतेहून फोन यायचे, भाऊ, लग्न मिळालं. पंचफुलाचं लग्न चढलं तेव्हा त्यांनी तिला मुद्दाम बोलावून सांगितलं, "ताई, तुहं लग्न आता हॉलंडले हाय. इथली लाइट गेली, दुकान जळालं, तरी काई होत नाई." पंचफुलानं विचारलं, "पाह्यले तं इथंच भेटीन ना?" "इथंच. बटन दाबलं का तिथून येते."

पुढची लग्नसराई आली. सईदभाईंना डिस्का लागत होत्या. जे माल पोचवल्यावर टेपचं करायचे, तेच त्यांनी डिस्कांचं केलं. हॉलंडात पोचलेली लग्नं पुसली आणि त्यांच्या जागी नवी भरली. पंचफुलाच्या लग्नावर मलकापूरचं एक लग्न बसलं. यात त्यांना चुकल्यासारखं काही वाटलं नाही. मलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. गिरणीत गव्हाचं पीठ झालं हे कुणी कुणाला सांगत नाही.

पोळ्याच्या सुमारास डबा उघडेना. कंपनीला लिहिलं. उत्तर मी वाचलं: एक डिस्क निकामी झाली, आपण निवडलेल्या प्रकारामुळे दुसरीवरचंही वाचवता आलं नाही, क्षमस्व, पुढच्या महिन्याचं भाडं माफ.

सईदभाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग म्हणाले, "सर, नीट वाचा. 'नाई' म्हणलं का 'कठीण हाय' म्हणलं?"

"नाही म्हटलंय."

मलकापूरवाली डिस्क घेऊन ते अकोल्याला गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, नुसतं पुसलेलं परत काढता येतं, पण ज्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं ते येत नाही. मग उरले ते लोक, ज्यांनी फाइली घेतल्या होत्या. सईदभाई फोन घेऊन बसले. "बेटा, संगणक चालू कर, बंद नको करू." सुरतेहून लग्नं परत यायला लागली. पुण्याहून आली. मेहुण्याची तिन्ही लग्नं आली. पंचफुलाचं लग्न फक्त एका माणसानं घ्यायला सुरुवात केली होती, तिच्या दिरानं. तो चाकणला कंपनीत होता.

"वामनराव, तुमच्याकडं पुरं हाय ना?"

"नाई भाऊ. अर्धंबी नाई झालं. मधेच बंद केलं मी."

"काऊन?"

"तुकडे तुकडे येऊन राह्यले होते. एका तुकड्यात दादा दिसला. मंग नाई पाह्यवलं."

त्यानं संगणक चालू केला. नांदुऱ्याच्या पडद्यावर हिरवी पट्टी सरकत त्रेचाळीस टक्क्यांवर आली आणि थांबली. सईदभाईंनी ते चालवून पाहिलं. मांडवाचा एक खांब, चौकोनच चौकोन, वाजंत्रीचा तुटका आवाज, पंगतीतला एक हात. उखाण्याच्या जागी काळं.

दिवाळीनंतर पंचफुला आली. बरोबर मुलगी, दोन वेण्या, नवा फ्रॉक. तिला बसमध्ये सगळं सांगून आणलं होतं, कारण तिनं दुकानात शिरताच विचारलं, "कोणत्या टीव्हीत हाय माहा बाप?"

मी उठून जायला लागलो तर सईदभाईंनी माझा हात धरून बसवलं. एरवी एका वाक्यात तीन माणसांची टिंगल करणारा माणूस. त्याला सुरुवात सापडेना.

"ताई, ते यंत्र बिघडलं."

"मंग दुरुस्त झाल्यावर येतो."

"दुरुस्त नाई होत."

"हॉलंडले नाई, तं इथं अशीन ना? इथंच होतं पयले."

"इथलं मी पुसलं."

पंचफुलानं विचारलं, "मंग आता कोणापाशी हाय?"

"कोणापाशीच नाई."

बिलकिसभाभीनं आतून पाणी आणलं. मुलगी प्यायली. पंचफुलानं तांब्या हातात घेतला आणि तसाच परत दिला. "सोनाळ्याची गाडी निघून जाईन," म्हणाली आणि मुलीला पुढे घालून उतरली. सईदभाई पायरीपर्यंत गेले. तिनं मागं पाहिलं नाही. पुढं ती कधी आली नाही.

सईदभाई तो संगणक बंद करू देत नसत. पलीकडे वामनराव कधी चालू असे, कधी नसे. दोघांकडे तेच तुकडे होते, आणि दुसऱ्या कुणाकडे काही नव्हतं हे सईदभाईंना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मोबाइलमध्ये कॅमेरे आले, लग्नं आणखी घटली, आणि दुकान गेलं. त्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे. संगणक भंगारात गेला. तेव्हाही पट्टी त्रेचाळीस टक्क्यांवरच होती.