हवा जाऊ देणारे झाकण

लेन्सची डबी मंगळवारी सकाळी सव्वानऊच्या सुमारास फुटली. मी स्वयंपाकघरात होते. आवाज फटाक्याइतका मोठा नव्हता, पाण्याची रिकामी बाटली पायाखाली आल्यावर होतो तेवढा होता. झाकण भिंतीवर आपटून कपाटाखाली गेले. द्रावण टेबलावर आणि वहीवर सांडले. डावी लेन्स फरशीवर दोन तुकड्यांत सापडली. उजवी लेन्स डोळ्यात होती, म्हणून तुकडे दिसले.

डबी नवी होती. आदल्या संध्याकाळी जळगावच्या एमआयडीसीतून ती मीच आणली होती. ती अशी बनवावी असे मीच सांगितले होते आणि बनवून झाल्यावर तपासून घेतली होती तीही मीच.

माझ्या दोन्ही डोळ्यांचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, पातळ होत शंकूसारखा पुढे आलेला आहे. त्याला चष्मा चालत नाही. कडक लेन्स घातली की दिसते, काढली की माणसे आणि कपाटे यांत फक्त हालचालीचा फरक राहतो. डाव्या डोळ्याला लेन्स घालूनही फार दिसत नाही. मी एका दैनिकाच्या डेस्कवर पाने तपासते. कार्यालय लहान झाल्यापासून पाने घरी संगणकावर येतात. घरात मी एकटी राहते.

दोन वर्षे मी लहान लेन्स वापरत होते. नेहमीच्या औषधाने डोळे लाल व्हायचे, म्हणून डॉक्टरबाईंनी हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण दिले होते. त्याबरोबर उभी डबी येते. झाकणाच्या आतल्या बाजूला लेन्स ठेवायच्या दोन जाळ्या आणि खाली प्लॅटिनमचा मुलामा दिलेली एक चकती असते. ही चकती सहा तासांत पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते. ऑक्सिजन निघून जातो, मागे खारट पाणी उरते, आणि मग लेन्स डोळ्यात घालता येते. काम अर्धवट झाले तर उरलेल्या पेरॉक्साइडने डोळा भाजतो.

डोळ्यांचा आकार आणखी बिघडला तेव्हा डॉक्टरबाईंनी मोठ्या लेन्स दिल्या. त्या जुन्या जाळीत बसेनात. मोठ्या लेन्सची डबी बाहेरून मागवावी लागते. मी दोनदा मागवली, दोन्ही वेळा ती आली नाही. तोवर पुन्हा साधे औषध वापरले आणि डोळे पुन्हा लाल झाले. तेव्हा मला नाना आठवले.

नानांचे एमआयडीसीत एका शटरचे वर्कशॉप होते. ठिबक सिंचनाच्या पाइपांना लागणाऱ्या फिटिंग्जचे साचे ते करत. आमची ओळख वर्तमानपत्रातून झाली. पत्नी वारल्याची जाहिरात द्यायला ते कार्यालयात आले होते आणि मजकूर अहिराणीत सांगत होते. तो मराठीत मी लिहून दिला. मी मूळची धुळ्याकडची. आई गेल्यानंतर माझ्याशी अहिराणी बोलणारे जळगावात तेच एक होते.

मी त्यांना जुनी डबी, नवी लेन्स आणि द्रावणाची बाटली नेऊन दिली. बुडबुडे येतात हेही सांगितले. त्यांनी लेन्सचे माप घेतले, मोठी जाळी केली, चकती जुन्या डबीतून काढून नव्या दांडीला बसवली. झाकणाला आतून रबरी रिंग टाकली. मग पाणी भरलेली डबी वर्तमानपत्रावर उलटी ठेवली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत कागदावर एक थेंब आला नाही. मी कागदाला हात लावून पाहिला. कोरडा होता.

"पास," नाना म्हणाले.

ठिबकच्या धंद्यात याहून वेगळी तपासणी नसते. गळत नाही तो माल चांगला.

मंगळवारी सकाळी सात वाजता मी डावी लेन्स डबीत ठेवून झाकण लावले. उजवी ठेवली नाही. पहिल्याच दिवशी दोन्ही ठेवायला नकोत एवढेच कारण होते.

फुटलेली डबी घेऊन मी रिक्षाने वर्कशॉपला गेले. नानांनी आटे पाहिले. झाकणाच्या बाजूचे दोन आटे सोलून निघाले होते. मग त्यांनी ड्रॉवरमधून जुनी डबी काढली, तिचे झाकण उजेडाकडे धरले आणि एका जागी बोट ठेवले.

"आठे एक भोक व्हतं, ताई."

"कोठे?"

"वर. सुईनं टोक जाई इतलं. माले वाटनं मोल्डिंगमा खोट शे. नव्या झाकनमा मी ते ठेवंच नही." मग ते म्हणाले, "जुनं बी बुजी टाकं व्हतं मी. तुनं झाकन तुले चांगलं करी देवानं म्हनीसन."

"माले दखायनं नही, नाना."

"दोन वरीस हातमा व्हतं ना तुन्या? पेपरवाली शे तू. दुसरासन्या चुका काढस."

दोन वर्षे रोज मी ते झाकण फिरवले होते. बाटलीबरोबरच्या कागदावर, हवाबंद झाकणाची दुसरी कोणतीही डबी वापरू नये, असे छापलेले होते. ती ओळ मी वाचली होती. ती दुसऱ्या कंपनीच्या डब्यांबद्दल आहे असे मी समजले होते.

त्याच दुपारी डॉक्टरबाईंनी उजवा डोळा तपासला. कॉर्नियाच्या कडेला, साध्या औषधाच्या त्रासाने झालेली, एक लहान जखम होती. पेरॉक्साइडची व्यवस्था होत नाही तोवर लेन्स घालायची नाही, असे त्यांनी सांगितले.

"डावा डोळा हाताशी नाही, हे लक्षात ठेवा," त्या म्हणाल्या. "घरी केलेली डबी वापरा असं मी सांगणार नाही. वापरणारच असाल, तर या पट्ट्या घेऊन जा. सहा तासांनी द्रावणात एक बुडवायची. निळी झाली तर पेरॉक्साइड उरलंय. निळी पट्टी आणि लेन्स एकाच दिवशी नको."

डेस्कवरून दीड महिन्याची रजा मिळाली. त्यानंतर पान दुसऱ्या केंद्राकडे जाईल, असे फोनवर सांगण्यात आले. सांगणाऱ्याचा आवाज मी ओळखत होते, चेहरा कधी पाहिलेला नव्हता.

लेन्सशिवायचे दिवस सांगण्यासारखे फार नाहीत. चहाचे पाणी मी बोट बुडवून मोजत असे. गॅस कानाने बंद करत असे. भाजीवाली खालून ओरडायची, मी पिशवी दोरीने सोडायची, ती भरून द्यायची. तिला जिना चढायचा नसे आणि मला उतरायचा नसे. टीव्ही लावला तर बोलणारे कोण आहेत ते कळे, कुठे आहेत ते कळत नसे. पहिल्या आठवड्यात बुधवार ते शुक्रवार माझ्या फोनवरून एकही कॉल गेला नाही आणि एकही आला नाही. ही नोंद फोनमध्ये आहे, नंतर पाहिली. रविवारी धुळ्याहून वहिनीचा फोन आला. इकडे ये, असे ती म्हणाली. किती दिवस, असे मी विचारले. ती म्हणाली, "तू सांग ना." मी गेले नाही.

पुढच्या शनिवारी नानांनी रिक्षा पाठवली. त्यांनी झाकणाला भोक पाडले होते. मला दिसत नव्हते, म्हणून पाहण्याचे काम त्यांचे आणि लिहिण्याचे माझे, असे ठरले. जाड मार्करने, एका पानावर चार-पाच ओळी.

नुसते भोक जमले नाही. पहिल्या तासात द्रावण फेसाळून भोकातून वर आले. डबीतली पातळी जाळीच्या खाली गेली, म्हणजे लेन्सची वरची कड उघडी राहिली असती. शिवाय वर्कशॉपमधली धूळ झाकणावरच्या ओलीला चिकटली होती. ती आत जायला तेच भोक मोकळे होते.

पुढच्या खेपेला नानांनी एअर व्हॉल्व्हची नक्कल केली. केळीच्या शेतात पाइपलाइनच्या उंच टोकाला तो बसवतात. मोटर सुरू झाली की आधी पाइपातली हवा त्यातून निघते, मागून पाणी आले की आतला गोळा वर उचलला जातो आणि तोंड बंद करतो. फैजपूरकडच्या शेतांसाठी असे व्हॉल्व्ह त्यांनी आयुष्यभर केले होते. त्यांनी मोहरीएवढा गोळा घालून झाकण केले. फेसाने गोळा वर चिकटला आणि तिथेच राहिला.

"काढ आते, नही ते परत उडी," मी म्हटले.

त्यांनी झाकण सैल केले. हवा सुटल्याचा आवाज मी ऐकला. नाना हसले. "आपला एअर व्हॉल्व्हले शाम्पूसारखा फेसनी सवय नही."

तिसऱ्या झाकणाची कल्पना ड्रिपरमधून, म्हणजे ठिबकच्या नळीवर थेंब सोडणाऱ्या बोंडातून, आली. पाण्याचा दाब कमी-जास्त झाला तरी थेंब सारखे पडावेत म्हणून काही ड्रिपरच्या पोटात सिलिकॉनची पातळ चकती असते. नानांनी एक नवा ड्रिपर फोडून ती काढली, उकळत्या पाण्यात घातली आणि झाकणाच्या भोकावर वरून अशी बसवली की मधोमध घट्ट, कडेने मोकळी. आतून दाब आला की कड उचलायची, दाब गेला की बसायची. आतून, भोकाच्या खाली, फेस अडवायला एक लहान वाटी उलटी लावली.

"हवा जायी, पानी जावाव नही," ते म्हणाले. मग स्वतःशीच म्हणाले, "मंगन दखू."

डबी काचेच्या ग्लासात पाण्याखाली बुडवून ठेवली. मी कान ग्लासाजवळ नेला. आवाज अगदी बारीक होता. नाना बुडबुडे मोजत होते. पाचव्या मिनिटाला त्यांनी मोजणे सोडले.

"चहा पेस का?"

"पेस."

"बठ्ठं लिखी लिधं का?"

"लिधं."

सहा तासांनी बुडबुडे थांबले होते. डबी आडवी केली तर एक थेंब बाहेर आला, दुसरा आला नाही. मी पट्टी बुडवली आणि नानांच्या हातात दिली.

"निळी शे."

कारण शोधायला दोन दिवस गेले. नवी डबी मोठी होती, द्रावण जास्त मावत होते, आणि चकती तीच, लहान डबीसाठीची होती. नानांनी जुन्या डबीत खुणेपर्यंत पाणी भरले, इंजेक्शनच्या सिरिंजने मोजले आणि नव्या डबीच्या तळाशी तेवढेच मावेल असा जाड ठोकळा बसवला. त्यानंतरची पट्टी पांढरी राहिली. दुसऱ्या दिवशीचीही. मी त्यांना सात दिवस रोज पाहायला लावले. सातव्या दिवशी ते म्हणाले, "तुना संपादक तुले कसा सोसस?"

त्याच दिवशी त्यांनी सांगितले की ते वर्कशॉप सोडत आहेत. लेथ विकला होता. मुलगी धुळ्याला असते, तिच्याकडे राहायला जायचे होते. हे बोलताना ते दुसरे झाकण कानसत होते.

"दोन करी ठेवस. एक हरपनं ते तिसरं कोन करी?"

मी विचारले, कधी जाणार. ते म्हणाले, आवरलं की. डबी घेऊन मी घरी आले. पुढच्या सोमवारी मी रिक्षाने गेले तेव्हा शटर बंद होते. शेजारच्या गाळ्यातल्या माणसाने सांगितले की सामान शनिवारी गेले. त्याने माझ्यासाठी ठेवलेला एक पुडा दिला. त्यात दुसरे झाकण, सिलिकॉनच्या सहा चकत्या आणि सिरिंज होती. चिठ्ठी नव्हती. मी फोन केला. मुलीने उचलला. नाना झोपले आहेत, असे ती मराठीत म्हणाली.

डॉक्टरबाईंनी जखमेसाठी थेंब चालू ठेवले होते. त्यांनी परवानगी दिल्यावर मी उजवी लेन्स नव्या डबीत ठेवू लागले. पट्टीचा रंग पाहायला कोणी नव्हते. मी पट्टीचा फोटो काढून तो फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या जागेवरून तळहाताएवढा करत असे आणि डोळा पडद्याला लावून पाहत असे. खात्री झाली नाही तर त्या दिवशी लेन्स घालत नसे. असे दोन दिवस झाले.

रजा संपायला चार दिवस राहिले असताना मी तपासणीसाठी गेले. डॉक्टरबाईंनी यंत्रातून उजवा डोळा पाहिला, मग लेन्स भिंगाखाली पाहिली, मग डबी हातात घेऊन झाकण दोनदा उघडले-लावले. ती त्यांनी मला परत दिली. केसपेपरवर उजव्या डोळ्यासमोर त्यांनी लिहिले, जखम भरली आहे, लेन्स चालू ठेवावी. लेन्स पुन्हा घालून ते मी तिथेच वाचले.