गाणं न कळणाऱ्या बाई

कुणी कुजबुजून बोललं की त्या स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवायच्या आणि कपाळाला आठ्या घालायच्या. "फुसफुसाने का नहीं. बोलने का, नहीं तो लिखने का." चंदीगडमध्ये उभी नोकरी काढूनही त्यांचं हिंदी मिरजेहून हललं नव्हतं.

आमच्या इस्पितळात त्या बिघडलेल्या आवाजांवर उपचार करायच्या. मी तिथे कान-नाक-घशाचा शिकाऊ डॉक्टर. मला त्या 'नांदेडकर' म्हणायच्या. गावापलीकडे माझ्यात लक्षात ठेवण्यासारखं काही त्यांना सापडलं नसावं.

पिंजौरहून एकोणीस वर्षांची मुलगी आली. देवीच्या जागरणात भजनं गाणारी वडिलांची पार्टी होती आणि ही त्यातली मुख्य गायिका. स्वरतंतूंवर दोन गाठी, आवाज पार फाटलेला. नवरात्र चार महिन्यांवर. मला ऑपरेशनची घाई झाली होती.

"सुरी कुठे पळून जात नाही," बाई म्हणाल्या.

मग स्टीलचा पेला आणि स्ट्रॉ आला. पाण्यात स्ट्रॉ धरून हुंकार भरायचा, बुडबुडे काढायचे; म्हणजे स्वरतंतूंवर ताण न येता आवाज निघतो. समोर बसून बाईही काढायच्या. बाहेरच्या रांगेतले लोक हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

दीड महिन्यात गाठी लहान झाल्या. मुलगी जरा गायला लागली आणि पंधरा दिवसांत आवाज पुन्हा गेला. ती रडली, तेही आवाज न करता. मी पुन्हा ऑपरेशनचं काढलं. बाईंनी फाइल ओढून घेतली. "गाणं मला कळत नाही, नांदेडकर. पण ती गाते कशी, ते बघायला हवं."

रविवारी आम्ही बसने पिंजौरला गेलो. तालमीत बाई मागच्या सतरंजीवर बसल्या. दुसऱ्या भजनाला उठून सरळ पेटी वाजवणाऱ्या वडिलांपाशी गेल्या. सगळी पार्टी वडिलांच्या गळ्याला सोयीच्या उंच पट्टीत गायची आणि मुलगी लहानपणापासून तिथवर गळा ताणत होती.

"भाईसाब, दो सुर नीचे लेने का."

"मैडम जी, यह पट्टी मेरे पिताजी की है. लोग हँसेंगे."

"और बेटी गा ही नहीं सकी, तो?"

वडिलांनी पेटी पुढे ओढली. मग त्यांनीच खालची पट्टी धरली. तिथे त्यांच्या स्वतःच्या गळ्याला काही तेज नव्हतं, पण ते वाजवत राहिले. मला त्या माणसाचं कौतुक वाटलं आणि बाईंचा तर अभिमानच वाटला. असं आपण होऊन रोग्याच्या घरी जाणारं माणूस तुम्ही तरी किती पाहिलं असेल?

ऑपरेशन लागलंच नाही. नवरात्राआधी बाई निवृत्त होऊन मिरजेला गेल्या. पहिल्या जागरणाला संध्याकाळी मागच्या सतरंजीवर मीच बसलो. मुलीने पाठमोरी होऊन पेल्यात बुडबुडे काढले, वडिलांनी खालचा सूर दिला. मी बाईंना फोन लावून तो उंच धरला.

भजन संपलं, तसा मी फोन कानाला लावला. बाई म्हणाल्या, "गाणं मला कळत नाही. पण गळा दुखत नाहीये तिचा."

हे त्या कुजबुजल्या. मी काही त्यांना टोकलं नाही.