प्रतिभाबाईंची शेवटची विद्यार्थिनी

जून उजाडला की उज्जैनमधली मराठी घरं प्रतिभा पोतनीसांना जरा दबकून असत. बाई स्कूटीवरून फ्रीगंजमध्ये फिरताना दिसल्या, की ज्यांच्या घरी दहावी झालेली मुलगी असे ते तिला हळूच आतल्या खोलीत पाठवत. बाई काही गणपतीची वर्गणी मागायला येत नसत. त्या मुलगी मागायला येत. "अकरावीला मराठी घेऊ द्या हिला," एवढंच त्यांचं मागणं असे.

बाई मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला मराठी शिकवत. शाखा कुठलीही असो, मुलीला दोन भाषा घ्याव्या लागत. एक हिंदी. दुसरी म्हणून मराठी घेता येत असे, पण घेतं कोण? सगळ्या जणी इंग्रजीच्या बाकावर जाऊन बसत. म्हणून बाई घरोघर फिरत. लोक त्यांना प्रेमानं पोहे देत, वर शेव भुरभुरत आणि म्हणत, "मॅडम, मराठी तर आम्ही घरात बोलूनच राहिलो आहे न." आता हे वाक्य ऐकल्यावर मराठीच्या बाईंचं काय होत असेल ते सांगायला नको. तोंडात घास असतानाच त्या ते दुरुस्त करत, पोहे संपवत आणि रिकाम्या हातानं परत येत.

पन्नाशी उलटलेल्या, लग्न न केलेल्या प्रतिभाबाई धाकट्या भावाच्या घरी राहत. पोतनीस म्हणजे एके काळचे शिंदे सरकारच्या खजिन्याचे राखणदार. खजिना कधीच गेला, आडनाव तेवढं उरलं. भाऊ शैलेंद्र विमा कंपनीत होता, वहिनी देवश्री बँकेत. त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता. आईवडील दोघं नोकरीवर, त्यामुळे मुक्ता आत्याच्याच मांडीवर वाढली. तिचं मराठी इतकं स्वच्छ, की पुण्याहून आलेले पाहुणे कौतुकानं तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावत. त्या वेळी बाईंचा चेहरा पाहण्यासारखा होई.

मुक्ताला डॉक्टर व्हायचं होतं. आजोबांचं, म्हणजे भय्यासाहेबांचं, शेवटची दोन वर्षं डायलिसिस चालू होतं. इतर मुलं त्या वयात आजाऱ्याच्या खोलीकडे फिरकत नाहीत. ही शाळेतून आली की त्यांच्या उशाशी बसायची, औषधं द्यायची, डॉक्टर आले की त्यांच्या मागून हिंडायची. भय्यासाहेब गेले तेव्हा ती सातवीत होती. तेव्हापासून घरात या विषयावर चर्चा म्हणून झाली नाही. मुक्ता डॉक्टर होणार, हे ठरलेलं होतं.

ती दहावी झाली त्या वर्षी मुख्याध्यापिकांनी प्रतिभाबाईंना बोलावून घेतलं. अकरावीला यंदा एकही मुलगी आली नाही, तर मराठी विषय बंद होईल आणि तुम्हाला हिंदीचे वर्ग घ्यावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. त्यात त्यांची काही चूक नव्हती. रिकाम्या वर्गाला किती दिवस शिक्षक देणार? बाईंनी तो सगळा महिना वणवण केली. फ्रीगंज झालं, देवास गेट झालं, भैरवगढ़ला कापडावर छापकाम करणाऱ्या छिप्यांच्या वस्तीपलीकडे एक मराठी कुटुंब राहायला आलंय असं कळलं तर तिथेही जाऊन आल्या. एक मुलगी मिळाली नाही. शेवटच्या संध्याकाळी घरी येऊन चपला न काढताच पडवीत बसून राहिल्या.

मुक्तानं पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "मी घेते न मराठी, आत्या."

बाई नको म्हणाल्या. एकदाच म्हणाल्या आणि तेही अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला कळावं यांना हो हवंय. मुक्ता हुशार होती. तिनं विचारलं, "अंग्रेजी सोडली तर पुढे मेडिकलला काही प्रॉब्लम तर नाही न होणार?"

"काही होत नाही," बाई म्हणाल्या. "आता तर डॉक्टरकी हिंदीतसुद्धा होते."

हे त्या काही मनचं सांगत नव्हत्या. मध्य प्रदेशात डॉक्टरकीचा अभ्यास हिंदीतून करता येणार, याचा तेव्हा गाजावाजा चालू होता. बाईंनी ती बातमी आल्यागेल्याला वाचून दाखवली होती. डॉक्टर हिंदीतून होता येतं, तर इंग्रजीवाचून अडेल कशाला? हा हिशोब त्यांना इतका आवडला, की पुढे कुणाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. एका वेलांटीसाठी तीन शब्दकोश उघडणारी ही बाई! पण माणसाला जे हवं असतं ते खरंही असलं पाहिजे, असं त्याला फार लवकर वाटायला लागतं. शैलेंद्रनं विचारलं तेव्हा बाईंनी त्यालाही तेच सांगितलं. अक्का शिक्षण खात्यातली, अक्काला माहीत असणारच, म्हणून तो गप्प बसला. त्याच्या डोळ्यांसमोर मुलगी दिसत होती, पण बहिणीचा पडलेला चेहराही दिसत होता.

पुढची दोन वर्षं प्रतिभाबाईंच्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची. वर्गात एक बाई आणि एक मुलगी. मधल्या सुट्टीनंतरचा तास असे. दोघी एकाच बाकावर बसत आणि कविता वाचता वाचता घंटा झालेली दोघींना कळत नसे. बारावीत मुक्ताला मराठीत जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क पडले. त्या मार्कांच्या जोरावर मुख्याध्यापिकांनी विषयाला आणखी एक वर्षाची मुदतही दिली.

आणि नीटच्या परीक्षेतही पोरीनं नाव काढलं. पहिल्याच प्रयत्नात! गल्लीत पेढे वाटले गेले. सरकारी कॉलेज मिळेल इतके मार्क होते, फक्त कुठलं मिळतंय ते यायचं बाकी होतं. फॉर्म भरताना सगळ्या अटी पूर्ण असल्याच्या ओळीपुढे तिनं खूण केली होती. सगळेच करतात.

मग सुरू झालं वाट पाहणं. हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. यादी आज येणार म्हणतात, येत नाही. तारीख पुढे जाते. शैलेंद्र ऑफिसात विमा हप्त्यांच्या मधूनमधून मोबाइल बघायचा. देवश्रीनं चिंतामण गणपतीला जाऊन उलटं स्वस्तिक काढलं. काम झालं की सुलटं काढायला यायचं, अशी तिथली रीत. प्रतिभाबाई तर देव पाण्यात घालून बसल्या होत्या. पहिल्या यादीत नाव आलं नाही तेव्हा घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. मुक्ताच सगळ्यांना समजावत होती, की दुसऱ्या यादीत नक्की येईल, परेशान नका होऊ.

दुसऱ्या यादीत आलं. कॉलेज लांबचं होतं, पण सरकारी होतं. देवश्री तिथेच जमिनीवर बसून रडली. मुक्ता मात्र धावत आत्याच्या खोलीत गेली. बातमी सगळ्यात आधी तिला आत्यालाच सांगायची होती.

कागद दाखवायला मुक्ता, शैलेंद्र आणि प्रतिभाबाई असे तिघं गेले. बाईंना खरं तर काही काम नव्हतं, पण मुक्ता म्हणाली आत्या हवी. कॉलेजात मोठी रांग होती. पोरं एकमेकांना होस्टेलबद्दल विचारत होती. शेजारच्या एका मुलीशी मुक्ताची मैत्रीही झाली, दोघींनी एका खोलीत राहायचं ठरवून टाकलं. नंबर आला. टेबलामागच्या बाबूंनी एकेक कागद पाहून बाजूला ठेवला. बारावीची मार्कशीट हातात घेतली आणि ती मात्र बाजूला ठेवली नाही.

"इसमें अंग्रेजी कहाँ है?" त्यांनी विचारलं.

मुक्तानं सांगितलं की तिचा विषय मराठी होता. बाबूंना वाटलं पोरीला प्रश्न कळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा बाई पुढे झाल्या. आपण शिक्षिका आहोत, हिंदीच्या जोडीला मराठी घेता येते, आणि आता तर डॉक्टरकीही हिंदीतून शिकवतात, असं त्यांनी नीट, अदबीनं समजावून सांगितलं. बाबू वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मैडम, पढ़ाई हिंदी में हो जाएगी," ते म्हणाले, "लेकिन बारहवीं में अंग्रेजी पास होना जरूरी है। फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी और अंग्रेजी। यह तो सब जगह का नियम है।"

मागची पोरं रांगेतून वाकून बघायला लागली. शैलेंद्रनं वरच्या साहेबांकडे नेलं, साहेबांनी तेच सांगितलं. भोपाळच्या ऑफिसात दोन दिवस खेटे घातले, तिथेही तेच. इंग्रजीची परीक्षा जादा विषय म्हणून देता येईल, पण ती पुढच्या वर्षी. आणि यंदाचे नीटचे मार्क पुढच्या वर्षी चालत नाहीत. म्हणजे सगळं पहिल्यापासून. मुक्ताची जागा तिसऱ्या यादीत दुसऱ्या कुणाला तरी गेली.

परतीच्या गाडीत मुक्ता खिडकीशी बसून होती. रडली नाही. आयुष्यभर इतरांना शब्द दिले त्या बाईला स्वतःसाठी एक सापडेना. उज्जैनला उतरल्यावर शैलेंद्रनं रिक्षा ठरवली. मुक्तानं सामान आत टाकलं आणि वळून म्हणाली, "बुआ, आप इधर बैठ जाइए।"

बाईंना वाटलं, दमलीय पोर, तोंडातून हिंदी निघाली असेल.

घरी देवश्रीला फोनवर सगळं कळलेलं होतं. ती दारातच उभी होती. नवऱ्याला काही बोलली नाही, मुलीला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून नणंदेकडे बघत म्हणाली, "अक्का, तुमच्या विषयाला एक पोरगी पाहिजे होती. मिळाली तुम्हाला."

शैलेंद्र तिला दटावायला गेला आणि मध्येच थांबला. आपलेच दात, आपलेच ओठ. शिवाय ती काही खोटं बोलत नव्हती. बाईंनी ते उभ्या उभ्या ऐकलं. त्यांना इतकं लागलं, की पुढे कितीतरी दिवस त्या दारातून जाताना भिंतीच्या कडेनं जात.

पण देवश्रीचं बोलणं परवडलं. ती रागावली, मग शांत झाली, मग पुन्हा अक्कांना चहा विचारायला लागली. मुक्ता रागावलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बाईंच्या पुढ्यात कप ठेवला आणि म्हणाली, "बुआ, चाय।" आईशी मराठी, बाबांशी मराठी, आणि आत्याशी हिंदी. स्वच्छ, अदबीची, शेजारणीशी बोलावी तशी हिंदी. आत्याच्या औषधाची वेळ झाली तर आठवण करी, स्कूटीत पेट्रोल भरून आणी, बाईंचं डोकं दुखलं तर दाबूनही देई. सगळं करी. फक्त मराठी बोलत नसे.

बाई प्रत्येक हिंदी वाक्याला मराठीतून उत्तर देत राहिल्या. एकदा त्यांनी तिचा हात धरून विनवलं, की अगं मला शिव्या दे, हवं ते बोल, पण आपल्या भाषेत बोल. मुक्तानं हात सोडवून घेतला नाही. "क्या बोलूँ, बुआ," म्हणाली आणि तशीच उभी राहिली.

त्या वर्षी मुक्तानं इंग्रजीची परीक्षा दिली आणि उत्तम मार्कांनी पास झाली. नीटही पुन्हा दिली. पण गेल्या वर्षीची मुक्ता वेगळी होती आणि ही वेगळी होती. पेपर देताना येत असलेले प्रश्नही सोडवायचे राहून गेले. थोडक्यात गेलं. आणखी एकदा दे म्हणून बापानं हात जोडले. आता बस, म्हणाली ती. जबलपूरला फिजिओथेरपीला प्रवेश मिळत होता तो तिनं घेतला.

त्याच जूनमध्ये एक नवल घडलं. फ्रीगंजमधल्या एक बाई आपल्या मुलीला घेऊन आपणहून प्रतिभाबाईंकडे आल्या. मुलीला अकरावीला मराठी घ्यायची होती, तिला आजीकडून गोडी लागली होती. बाई त्या जून महिन्यात घराबाहेर पडल्याच नव्हत्या. त्यांनी मुलीला विचारलं, पुढे काय करायचं आहे. मुलगी म्हणाली, अजून ठरवलं नाही. "मग इंग्रजी घे, बाळा," बाई म्हणाल्या. आई चकित होऊन बघत राहिली. बाईंनी दोघींना पोहे खायला घातले आणि दारापर्यंत सोडायला गेल्या. जुलैत शाळेतला मराठी विषय बंद झाला. बाईंना नववीच्या हिंदीचे वर्ग मिळाले.

ऑगस्टमध्ये मुक्ता निघाली. सगळे स्टेशनवर आले होते. मुक्तानं आईला नमस्कार केला, बाबांना केला, मग बाईंसमोर वाकली. आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतात. बाई तेवढं ऐकण्यासाठी जीव मुठीत धरून उभ्या होत्या, खोटं कशाला सांगा.

"चलती हूँ, बुआ," मुक्ता म्हणाली.

बाईंनी तिला उठवलं. तोंडाशी 'सुखी राहा' आलं होतं. पण वर्षभर त्या मराठीत जे जे बोलल्या ते या पोरीनं ऐकलं होतं आणि घेतलं मात्र काहीच नव्हतं. हेही तसंच तिच्या हातून खाली पडेल, असं त्यांना वाटलं. आणि आता गाडी सुटायची होती.

"हाँ, बेटा," बाई म्हणाल्या. "खुश रहना। और हो सके तो मुझे माफ कर देना।"

शैलेंद्रनं चमकून बहिणीकडे पाहिलं. घरच्या माणसाशी अक्का हिंदीत बोललेली त्यानं जन्मात ऐकली नव्हती. मुक्ता बाईंच्या गळ्यात पडली आणि रडली. ज्या दिवशी रडायला हवं होतं त्या दिवसाचंही सगळं रडून घेतलं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. गार्डनं शिटी दिल्यावर देवश्रीनं तिला सोडवून डब्यात चढवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. आईशी बोलून झाल्यावर मुक्तानं आपणहून सांगितलं, की आत्याला दे. बाईंनी घाईघाईनं ओल्या हातांनीच फोन कानाला लावला.

"बुआ, मैं पहुँच गई।"

"अच्छा, बेटा," बाई म्हणाल्या. "कुछ खा लेना।"