शेवटची बांधी

मी गाव सोडलं त्या सकाळी बाबा मला निरोप द्यायला घरी थांबले नाहीत. ते तलावावर होते. बस तलावाच्या पाळीवरूनच जायची, म्हणून मी पिशवी घेऊन तिथपर्यंत चालत गेलो. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी पाटात सोडायचं दगडी तोंड. तिथं गुडघाभर चिखलात उभे राहून ते गाळ काढत होते. मान वर न करताच म्हणाले, "जाऊन राहिला का गा?"

मी म्हटलं, "हो."

"त जा. माह्यावर राग धरून जा. पाण्यावर नको धरू."

बस आली, मी चढलो. मागच्या काचेतून दिसलं, ते अजून वाकलेलेच होते. पुण्यात पहिल्या मालकाला मी "आत्ता जाऊन राहिलो" म्हटलं तेव्हा तो हसून म्हणाला, "जाऊन राहिलास? कुठं राहिलास?" त्यानंतर मी आपली बोली तोंडात येऊ दिली नाही. राग मात्र जसाच्या तसा राहिला. तुमच्यातले जे माझ्यासारखे निघाले त्यांना हे सांगायची गरज नाही. जे मागं राहिले त्यांना सांगतो आहे.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं. तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला. पाणी सोडायचं काम पिढ्यानपिढ्या आमच्याच घराकडं, आणि त्या कामाला एक नियम बांधलेला: ज्याच्या हाती तुडूम, त्याची बांधी शेवटी. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. पाटाच्या अगदी शेपटाला आमची बांधी. वरच्या सगळ्यांचं भिजल्याशिवाय आमच्या धानाला थेंब पोचत नाही. त्यामुळे पाणी सोडणारा कुणाचं चोरू शकत नाही आणि आळसही करू शकत नाही. ज्यानं हा नियम केला तो माणसं ओळखणारा होता. मी आयुष्यभर सौदे केले, पण इतका पक्का करार पुन्हा पाहिला नाही.

पाळीला लागून मालगुजाराचा, म्हणजे गावच्या जमीनदाराचा, बंगला. सागाचे खांब, लांबच लांब व्हरांडा, समोर गुलाबाचे वाफे, गवत आणि मधोमध कारंजं. पाटाची पहिली फांदी त्या बगीच्यात जायची. एका साली पोळ्यानंतर पाऊसच आला नाही. तलावात पाणी कमी, खाली धान निसवायला, लोंब्या टाकायला, आलेलं. बाबांनी चिखलाचे गोळे लावून बगीच्याची फांदी बुजवून टाकली. गावात दिवसभर त्यांचं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी बंगल्यावरून बोलावणं आलं. मी त्यांच्याबरोबर गेलो, छाती पुढं काढून.

मालक व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेले. बाबा खालच्या पायरीजवळ थांबले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं, मालक." एवढंच. आमचं घर मालकाच्या जागेवर होतं हे मला माहीत होतं. तरीही मला ते दोन शब्द सहन झाले नाहीत. त्याच दुपारी बाबांनी स्वतःच्या हातानं तो चिखल काढला. बगीचा हिरवा राहिला. त्या साली आमची शेवटची बांधी उभी करपली, आणि मी ठरवलं की कुणाच्या पायरीखाली उभं राहायचं नाही.

पुण्यात मी पडणाऱ्या घरांची दारं-खिडक्या विकत घेतो आणि नव्या हॉटेलांना विकतो. आधी हमाली केली, मग दुसऱ्याच्या गोडाऊनवर बसलो, मग स्वतःचं गोडाऊन घेतलं. माझं तोंड वाईट आहे आणि भाव पक्का आहे, असं पार्ट्या म्हणतात. दोन्ही खरं आहे. बाबा गेले तेव्हा गावी आलो, दिवस करून परतलो. बंगल्याकडं मान वळवली नाही. तुडूम माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या हाती गेलं. शेपटाच्या जमिनीचे दोन भाग झाले. त्यातला अगदी शेवटचा तुकडा माझा. कसतो दादाच.

यंदा माझ्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. एके दिवशी तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाबा, हे बघा ना! लग्न इथंच करायचं. आणि गंमत म्हणजे हे तुमच्याच गावात आहे!"

तोच बंगला. आता त्याचं हॉटेल झालं आहे, लोक राहायला येतात, लग्नं लावतात. माझी बायको सातारची, तिला यातलं काहीच माहीत नाही. ती म्हणाली, "अहो, तुमच्या गावाला मांडव पडणार, आणि तुम्ही तोंड का पाडलंय?" मी काय सांगणार? गेली इतकी वर्षं मी घरात गावाबद्दल नुसती फुशारकी मारली होती. आमचा तलाव, आमचं पाणी. पायरीखालचं काही कधी सांगितलं नव्हतं. व्याह्यांनी होकार दिला, नातेवाइकांना कळवूनही टाकलं. माझ्याच बढाईनं माझं दार बाहेरून लावलं.

चैत्रात आम्ही तिघं बघायला गेलो. पाळीवर गाडी थांबवली. हवा स्वच्छ होती, लांब आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडचा डोंगर दिसत होता. फाटकातून आत शिरलो तेव्हा माझे पाय आपोआप व्हरांड्याच्या खालच्या पायरीशी थांबले. ऋतुजा हात ओढत म्हणाली, "चला ना, वर चला!" मी वर गेलो आणि सवयीनं पहिल्या खांबावर बोटानं ठोकलं. अस्सल साग. आतून भरीव. विकायला काढला असता तर मी तिथल्या तिथं उचलला असता.

टोपी घातलेला एक गाईड आम्हाला फिरवत होता. दिवाणखाना, शिकारीच्या तसबिरी, चिनी मातीची भांडी. बगीच्यात आल्यावर तो थांबला. "और ये देखिए, साहब. दुष्काळ पडला तेव्हा मोठ्या मालकांनी काय केलं? स्वतःच्या बगीच्याचं पाणी बंद केलं आणि गावाच्या धानाला दिलं! गुलाब सुकले, पण गाव जगलं."

माझी कानशिलं तापली. "कुणी बंद केलं? खोटं बोलू नको! माझ्या बापानं बंद केलं!"

बायकोनं माझी बाही धरली. ऋतुजा हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज. सगळीकडे भांडायचं नसतं."

तेवढ्यात बंगल्याचा आताचा मालक बाहेर आला. मोठ्या मालकाचा नातू, तरुण, गोड बोलणारा. "अंकल, आप तो घर के आदमी निकले! आपके पिताजी का नाम बताइए. उद्यापासून तेच सांगू." मग मी घासाघीस केली. खोल्या, आचारी, जनरेटर, मांडव. तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेला. समोरचा लवकर हो म्हणायला लागला की सावध व्हायचं, हे मी माझ्या पोरांना गोडाऊनवर रोज सांगतो. त्या दिवशी मीच विसरलो.

शेवटी तो म्हणाला, "बस एक छोटी सी बात, अंकल. लॉन." त्यानं बोट दाखवलं. गवत मधे मधे पिवळं पडलेलं. "बोअर सूख गया है. तलाव आता गावाचा. पाणी तुमच्या भावाच्या हातात आहे, आणि ते आमचं ऐकत नाहीत. लग्नाआधी पाणी मिळालं तर सगळं हिरवं होईल. आपण एक शब्द टाका ना."

ऋतुजा माझ्याकडं बघत होती. "काका तुमचं ऐकतील ना, बाबा?"

मी त्या वरच्या पायरीवर उभा होतो आणि मला खाली उतरायला जागा नव्हती. नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार, आणि सांगितलं की तिच्या लग्नात तो चिखल कायमचा कालवला जाणार. मी म्हटलं, "ऐकेल. भाऊ आहे माझा."

दादाच्या घरी एकटाच गेलो. वहिनीनं चहा ठेवला. मी पाऊसपाण्याचं बोललो, व्याह्यांचं बोललो, आचाऱ्याचं बोललो. मुद्द्यावर येईना. जो माणूस पुण्यातल्या बिल्डरला घाम फोडतो, त्याची जीभ चहात बुडाली. दादाच म्हणाला, "बगीच्याचं पाणी मागून राहिला न तू? मंग माग. लाजते कायले?"

"पोरीसाठी मागतो आहे, दादा. लॉन..."

"गवत म्हण. लॉन म्हटल्यानं त्याले लोंबी नाही येत."

वहिनी हसली. मी चिडलो. म्हटलं, "चार दिवसांचं पाणी! तेवढ्यानं गाव बुडत नाही. तुला मुलगी असती तर कळलं असतं." बोलून गेलो. वहिनीचं हसू थांबलं. त्यांना मूल नाही.

दादा उठला नाही, ओरडला नाही. बशीतला चहा त्यानं संपवला. मग म्हणाला, "गावाच्या पाण्याच्या पाळीतला थेंब मी देऊ शकत नाही. तो माहा नाही. पण शेवटची बांधी तुही आहे. तुह्या धानाची पाळी तुही. ते कोरडं ठेव म्हणशील, त तेवढं पाणी बगीच्याले सोडतो. बोल."

मी मागच्या दारातून शेपटाकडं पाहिलं. उन्हाळी धान, नुकतंच निसवायला लागलेलं. दादानं लावलेलं, वहिनीनं तण काढून निंदलेलं, नाव माझं. कधी नव्हे ते माझ्याकडं भाव पाडायला काही नव्हतं. आणि मग माझे हात एकमेकांवर आले. मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप जुळले, आणि मी तसाच बसलो दादासमोर.

दादानं ते बघितलं. हळू आवाजात म्हणाला, "सोड ते. बाबाचेही असेच होते. त्यायनं ते हात मालकासाठी नाही जोडले, गा. घर गेलं असतं त तुले अन् मले घेऊन कुठं बसले असते? एवढं शहर पाहिलं तू, एवढं नाही समजलं?"

मी म्हटलं, "सोड पाणी."

लग्न थाटात झालं. संध्याकाळी दिवे लागले, कारंजं उडालं, गवत असं हिरवंगार की व्याही म्हणाले, "या उन्हात ही हिरवळ! कमाल आहे." गाईड पाहुण्यांना गोष्ट सांगत होता. शब्दाला जागून त्यानं बाबांचं नावही घेतलं: मोठ्या मालकांनी हुकूम दिला आणि या अंकलच्या पिताजींनी तो स्वतःच्या हातानं अमलात आणला. मी ऐकून घेतलं. विकत घेतलेला माल परत करता येत नाही.

दादा धुतलेलं धोतर नेसून आला. मांडवाकडं सरळ यायला हिरवळीवरून रस्ता होता, सगळे त्यावरूनच येत होते. दादा मात्र कडेच्या विटांवरून, एकामागं एक पाऊल टाकत, बांधावरून चालावं तसा पूर्ण वळसा घालून आला. वहिनी त्याच्या मागं. ऋतुजा शालू सावरत पुढं गेली. "काका, इकडून या ना! तिकडून का येता?"

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पिकात पाय देत नाही, माय."

ती हसली. तिला वाटलं, काका गमतीशीर बोलतात.

आता पुण्यात कुणी विचारतं, गावी काय आहे तुमचं? पूर्वी मी तलावापासून सुरू करायचो. आता म्हणतो, एक तुकडा आहे, पाटाच्या शेपटाला. त्याला घर म्हणतात की नाही ते मला माहीत नाही. तिथं मी राहत नाही, आणि तिथून सुटलोही नाही. फोटोंच्या अल्बममध्ये तो हिरवा दिसतो, बगीच्याच्या गवतात. गावात तो करपलेला उभा होता, दादानं त्यातलं धान तणस, म्हणजे नुसता पेंढा, म्हणून कापून बैलांपुढं टाकलं.

मृगात, धानाची रोपं टाकायच्या वेळेला, दादाचा फोन आला. नेहमीसारखा, बिनारामरामाचा. "पऱ्हे टाकून राहिलो गा. तुह्या बांधीत यंदा लावू का नको?"

"लाव," मी म्हटलं.

"अन् पाणी?"

गोडाऊनमध्ये गिऱ्हाईक उभं होतं, दाराचा भाव विचारत. मी त्याला थांब म्हणून हात केला.

"देऊन राहिला त दे," मी म्हटलं. "सगळ्यायच्या नंतर."